सेफ्टीकाका

नव्या जागी पाऊल टाकलं की कुणी आधी पंखा कुठे आहे ते बघतं, कुणी टीव्ही, कुणी स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाचा अंदाज घेतं. सेफ्टीकाका आधी बाहेर पडायचा दरवाजा बघतात. मग दुसरा दरवाजा शोधतात. दुसरा नसला तर यजमानांकडे अशा नजरेनं बघतात, की हप्ते फेडून झालेल्या घराबद्दलही त्या बिचाऱ्यांच्या मनात शंका उभी राहते. लग्नाच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं चालू असताना हे मंडपाचं कापड चिमटीत धरून ते किती झपाट्यानं पेटेल याचा हिशेब करत असतात. आहेराचं पाकीट देताना ‘सुखी राहा’च्या पाठोपाठ ‘गॅसची नळी पाच वर्षांनी बदला’ हा आशीर्वादही देतात.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलावर छापलेलं असतं, पण ते बिल पूर्ण वाचणारेही तेच एकटे. बाकी सगळ्या विंगना ते सेफ्टीकाका. आमची सोसायटी सानपाड्यात, स्टेशन आणि पाम बीच रोड यांच्या मधल्या पट्ट्यात. काका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं. त्यांनी कारखान्याला अजून निवृत्त केलेलं नाही. फरक इतकाच, की रिअ‍ॅक्टरच्या जागी आता सोसायटीचं पाण्याचं पंपघर आलं आहे आणि कामगारांच्या जागी आम्ही.

लिफ्टमध्ये ‘सहा व्यक्ती’ अशी पाटी आहे. सातवा आत शिरला की काका स्वतः बाहेर पडतात आणि आणखी एकाला दंडाला धरून बाहेर काढतात. सहाची परवानगी असताना पाचच का, असं विचारलं तर म्हणतात, “जोशीवहिनींच्या हातात कलिंगड आहे.” सानपाडा स्टेशनात लोकलच्या दारात लटकणारी पोरं काका दिसले की निमूट आत सरकतात. भीतीनं नव्हे. आत सरकलं नाही तर वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्द येईपर्यंत ऐकावं लागतं, म्हणून.

त्यांचं पंचांगही वेगळं. ४ मार्च हा त्यांचा वर्षातला मोठा सण. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय बेलापूरला, म्हणजे सानपाड्याहून लोकलनं काही स्टेशनांवर आहे, याचा काकांना जो अभिमान आहे तो आळंदीकरांना आळंदीचा असावा. त्या दिवशी सकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छा येतात. खाली फुलांऐवजी अग्निशामक नळकांड्याचं चित्र. १४ एप्रिलला ते बाबासाहेबांना हार घालून येतात आणि तसेच अग्निशमन केंद्रात जातात, कारण १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला होता. “एकाच जहाजात कापूस आणि दारूगोळा!” हे ते अशा सुरात सांगतात, की माल भरणारा हमाल कालच त्यांच्या हाताखालून निसटला असावा. गटारीला मंडळी गच्चीवर बसली की काका जिन्यापाशी उभं राहून १७ जुलै १९४७ ची आठवण करून देतात. रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट गटारीच्याच दिवशी बुडाली, सहाशेंहून जास्त माणसं गेली आणि मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले. त्यानंतर ग्लास हातात घेऊन बसण्यात काही मजा उरत नाही.

असा माणूस भित्रा असणार, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटायचं. सोसायटीच्या सभेत तरुण मंडळींनी यंदाची सहल मालवणला काढून स्कूबा डायव्हिंग करायचा ठराव आणला, तेव्हा सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. तीन जणांनी त्यांच्या विरोधाला द्यायची उत्तरं आधीच पाठ करून ठेवली होती. काका उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “जरूर जाऊ या.” सभा गार पडली. मग त्यांनी पिशवीतून चार पानं काढली.

तिथे मला या जातीच्या माणसाची खरी ओळख पटली. भित्रा माणूस घरीच बसतो आणि दुसऱ्यांनाही बसवतो. सेफ्टीकाकांना जगातलं एकही धाडस वर्ज्य नाही. त्यांची अट एकच: त्याआधी फॉर्म भरला पाहिजे.

तारीख त्यांनीच ठरवली. कुणीतरी मुलांच्या सुट्ट्या बघून मे महिना सुचवला होता. काकांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. २४ मे २०२२. तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. वीस पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. “पाण्याखाली गेलेली माणसं सुखरूप वर आली होती,” काका म्हणाले. “घात झाला तो बोटीवर, परतताना. स्कूबा म्हटलं की लोकांना शार्क आठवतो. मला बोट आठवते.” पावसाच्या तोंडावर समुद्राचं वळण बदलतं, म्हणून मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत तिकडच्या जलक्रीडा बंदच असतात, बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात जाण्यात काय शहाणपण? सहल फेब्रुवारीत ठरली. मुलांच्या परीक्षांचं काय, हा प्रश्न काकांनी ‘सुरक्षेशी संबंधित नाही’ म्हणून निकालात काढला.

मग फॉर्म. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, सध्या सर्दी आहे का. बी विंगमधल्या जिमवाल्यानं सगळीकडे छाती पुढे काढून ‘नाही’ लिहिलं. काकांनी त्याच्या ट्रॅकपँटच्या खिशाकडे बोट दाखवलं. “पंप कुणाचा?” जिमवाला म्हणाला, “तो फक्त थंडीत लागतो.” काका म्हणाले, “पाण्याखाली उन्हाळा नसतो.” सेक्रेटरींनी रक्तदाबाच्या रकान्यात ‘बायकोला विचारा’ असं लिहिलं होतं. शेवटच्या रकान्यात आदल्या रात्री मद्यप्राशन न करण्याची हमी होती, आणि सहलीला नावं दिलेल्यांपैकी दोघांनी तो रकाना वाचूनच नावं मागे घेतली. काकांनी स्वतःचाही फॉर्म भरला. हृदयाच्या प्रश्नापुढे ‘स्टेंट, दोन’ असं स्वच्छ अक्षरात लिहून त्यांनी स्वतःलाच नापास केलं आणि खाली स्वतःच सही केली.

“म्हणजे काका, तुम्ही पाण्यात उतरणारच नाही?”

“मी बोटीवर थांबणार. कुणीतरी थांबायलाच हवं.”

सगळ्यात जास्त बोभाटा झाला तो वजनांवरून. काकांना प्रत्येकाचं वजन हवं होतं. एक कारण डायव्हिंगचं होतं: अंगावरचा रबरी सूट माणसाला वर ढकलतो, म्हणून कमरेला शिशाचे तुकडे बांधावे लागतात. दुसरं कारण बोटीचं. लहान होड्या उलटतात तेव्हा बरेचदा माणसं एका बाजूला गोळा झालेली असतात. कुणाला डॉल्फिन दिसला, कुणाला बोट लागली म्हणून दोघी-तिघी कठड्यावर वाकल्या, की तोल गेलाच. तेव्हा वजनाप्रमाणे जागा ठरवायच्या. ही शास्त्रशुद्ध मागणी त्यांनी महिला मंडळाच्या हळदीकुंकवात जाऊन केली. आकडे आले, पण ते सगळे लग्नाच्या वेळचे होते. काकूंनी तर, “अहो, बोट बुडाली तरी चालेल, मी सांगायची नाही,” असं चारचौघींत जाहीर केलं. अखेर काकांनी अंदाजानं रकाने भरले आणि तो कागद मालवणहून परत येईपर्यंत बनियनच्या आतल्या खिशात ठेवला. एवढ्या जोखमीचं कागदपत्र त्यांनी कारखान्यातही सांभाळलं नसेल.

पनवेलहून कुडाळपर्यंतचा रेल्वेप्रवास सांगण्यासारखा नाही. डब्यातली संकटकालीन खिडकी कोणती आणि ती उघडते कशी, हे सगळ्यांना रात्रीच कळलं. शेजारच्या कूपेतल्या अनोळखी कुटुंबालाही कळलं.

मालवणच्या धक्क्यावर मात्र काकांची गाठ त्यांच्या तोडीच्या माणसाशी पडली. तांडेल. उन्हानं रापलेला, तोंडात पान, डोळे समुद्रावर. काका आधी होडीच्या बाजूवर रंगवलेला नंबर शोधत राहिले, मग त्यांनी विचारलं, “या होडीत किती माणसांची परवानगी?”

“बसतत तेवढी, काकानू.”

“लायसनवर किती आहे?”

“लायसन घराक आसा.”

“लाइफ जॅकेटं?”

“आसत मां. ती बघा, फळीखाली.” फळीखाली जॅकेटं होती, एकमेकांना नायलॉनच्या दोरीनं पक्की बांधलेली. चोरीपासून सुरक्षित.

“आजपर्यंत कोणाक काय एक झाला नाय,” तांडेल समजुतीनं म्हणाला. काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद म्हणावं की दुःख, ते मला ठरवता आलं नाही. हे वाक्य ऐकण्यासाठीच जणू ते एवढ्या लांब आले होते. “रामदासलासुद्धा,” ते सावकाश म्हणाले, “त्या दिवशी सकाळी आठपर्यंत काही झालं नव्हतं.”

तांडेलानं पान थुंकलं आणि दोरी सोडायला घेतली.

मग आला तो ऐतिहासिक प्रश्न. “ऑक्सिजन आहे?”

“ह्ये काय, इतके सिलिंडर आसत!”

सेफ्टीकाकांना दुखवायचं असेल तर त्यांच्यासमोर स्कूबाच्या नळकांड्याला ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणावं. ती दाबून भरलेली हवा असते. इथे आपण घेतो तीच, सानपाड्यात घेतो त्यापेक्षा जरा बरी. निव्वळ ऑक्सिजन घेऊन खोल गेलं तर तोच विषारी ठरतो. पण बोटीवर खऱ्या ऑक्सिजनचं एक नळकांडं वेगळं लागतं, आणि ते खाली जायला नव्हे, वर आल्यानंतर. कुणी घाबरून भराभर वर आला, छातीत दुखू लागलं, हातापायांना मुंग्या आल्या, तर पहिला उपचार तोच: निव्वळ ऑक्सिजन आणि तडक डॉक्टर. प्रकरण फारच बिघडलं तर रोग्याला दाबाच्या कक्षात ठेवावं लागतं, आणि तसा कक्ष कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात. “मालवण ते कुलाबा किती तास?” काकांनी विचारलं. तांडेलानं हा प्रश्न प्रवासाचा समजून तुतारी एक्सप्रेसची वेळ सांगितली.

एवढ्यात मागून एक काटकुळा पोरगा पुढे आला. डायव्हिंग शिकवणारा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकून आलेला. त्यानं काही न बोलता बोटीच्या पुढच्या कप्प्यातून एक पेटी काढली आणि उघडून काकांसमोर ठेवली. ऑक्सिजनचं नळकांडं, मास्क, प्रथमोपचाराचं सामान. मग त्यानं आगीचं नळकांडं दाखवलं, त्याच्यावरची तारीख दाखवली, वायरलेसचा सोळावा चॅनेल लावून दाखवला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवलेले दोन नंबर दाखवले: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. काकांनी विचारायच्या आधी उत्तर देणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी त्याचं गाव विचारलं, शिक्षण विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. काकांची मुलगी लग्नाची असती तर त्या धक्क्यावरच सुपारी फुटली असती.

जॅकेटं दोरीतून सुटली. प्रत्येकानं घातली. काकांनी प्रत्येकाच्या पट्ट्या ओढून बघितल्या, कारण सैल जॅकेट पाण्यात हनुवटीशी येतं आणि माणूस खाली राहतो. फोटोसाठी दोन मिनिटं काढू का, असं विचारणाऱ्या नवविवाहितेला त्यांनी १८ डिसेंबर २०२४ ची गोष्ट सांगितली. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची बोट आदळली, पंधरा माणसं गेली, आणि त्यानंतर तिथे जॅकेट सक्तीचं झालं. “सक्ती नेहमी नंतर होते,” काका म्हणाले. “आपण आधी घालू.” तिनं जॅकेटासकट फोटो काढला. खूप लाइक मिळाले, हे काकांनी नंतर प्रत्येकाला सांगितलं.

बोट सिंधुदुर्गाच्या तटाकडे निघाली. १६६४ साली महाराजांनी पायाभरणी केलेला तो किल्ला समोर येत होता, सगळ्यांचे ऊर भरून येत होते, आणि काका तांडेलाच्या मनगटाला इंजिनाची लाल दोरी बांधत होते. माणूस तोल जाऊन पडला तर दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद होतं. नाहीतर बिनमाणसाची होडी पाण्यातल्यांच्या अंगावरून पंखा फिरवत जाते. तांडेल म्हणाला, “काकानू, राखी बांधलास काय?” पण दोरी सोडली नाही.

नांगर पडला. त्या पोरानं पांढरा-निळा झेंडा चढवला. खाली माणसं आहेत, लांब राहा, असा त्याचा अर्थ. मग पाण्यात उतरायच्या आधीचं शिक्षण. पहिला नियम: श्वास रोखायचा नाही. काही झालं तरी नाही. यावर काकू पुढे सरसावल्या. त्या रोज पहाटे पाम बीचच्या बाजूच्या बागेत प्राणायाम करतात आणि त्यांच्या कुंभकाला सेक्टरमध्ये तोड नाही. “मी तर दीड मिनिट रोखते,” त्या अभिमानानं म्हणाल्या. काका तोंडावर पाणी पडल्यागत ओरडले, “कुंभक नाही! पाण्याखाली कुंभक नाही!” घाट चढताना वेफर्सचं बंद पाकीट जसं टम्म फुगतं, तशी रोखलेल्या श्वासातली हवा वर येताना छातीत फुगते. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो; तिथली छातीभर हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते. आपण त्याच्या निम्म्या खोलीवरच जाणार होतो, पण फुप्फुस फाटायला तेवढंही पुरतं. पतंजलींनी याचा विचार केलेला नाही, कारण त्यांना मालवणला नेणारं कुणी नव्हतं.

दुसरा नियम खुणांचा. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आणि अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. सगळ्यांनी मान डोलावली. सेक्रेटरी सगळ्यात आधी उतरले. खाली कॅमेरेवाला तयार होता. सेक्रेटरींनी कॅमेरा दिसताच, गेली दहा वर्षं सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येक सूचनेला जे करतात तेच केलं: झोकात अंगठा दाखवला. पोरानं त्यांना वर आणलं. “काय झालं साहेब?” “काही नाही, मस्त वाटत होतं.” पुन्हा खाली गेले. पुन्हा कॅमेरा, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी काकांनी बोटीवरून आदेश दिला, “यांचे हात बांधा.” अखेर सेक्रेटरींचा फोटो आला तो हात पाठीमागे बांधलेला. अटक झालेल्या माणसाचा असावा तसा. तो त्यांनी प्रोफाइलला ठेवला नाही.

एक-एक जोडी उतरत होती, वर येत होती. खाली रंगीत मासे होते, प्रवाळ होतं, स्वर्ग होता, असं सगळे सांगतात. काकांनी यातलं काही बघितलं नाही. ते पाण्यावरचे बुडबुडे बघत होते. बुडबुडे येताहेत म्हणजे माणूस श्वास घेतोय. अर्धा तास, पाऊण तास, एक तास, पाण्याच्या कढत चकाकीकडे डोळे बारीक करून. मध्ये एक केळ्याच्या आकाराचा फुगा ओढणारी स्पीडबोट किंचाळत्या पोरांसकट झेंड्याच्या रोखानं वळली. काकांनी गळ्यातली शिट्टी फुंकली. कारखान्यातली शिट्टी ती. स्पीडबोटच काय, किल्ल्यावरचे गाइडसुद्धा क्षणभर थांबले असतील.

परतायची वेळ झाली. तांडेलानं नजर फिरवली, “सगळे इले. चला.” काका उभे राहिले. “नजरेनं मोजायचं नाही. नाव पुकारणार. जो पाण्यात गेला होता त्यानंच ‘आलो’ म्हणायचं. बायकोनं नवऱ्यासाठी म्हणायचं नाही.”

“काका, बोटीत एवढीशी जागा, कोण राहणार?”

मग आम्हाला २५ जानेवारी १९९८ ऐकावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ बेटांपाशी एका डायव्हिंगच्या बोटीनं माणसं मोजली, हिशेब जुळला आणि ती परत निघाली. एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं होतं. दोन दिवसांनी त्यांची बॅग बोटीवर सापडली, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. पुढे त्यावरून सिनेमाही निघाला. “आणि परदेशाकडे कशाला बोट दाखवा,” काका म्हणाले. “नदी ओलांडून गेलेले दहा शहाणे. प्रत्येकजण स्वतःला सोडून मोजतो आणि नऊच भरतात म्हणून रडतो. मोजणीच्या चुकीचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं प्रकरण ते. वेदान्त्यांनी त्यातून आत्मज्ञान काढलं. खरं तर दोष कार्यपद्धतीचा होता.”

नावं पुकारली गेली. सगळ्यांनी ‘आलो’, ‘आले’ म्हटलं. शेवटी काकांनी स्वतःचं नाव पुकारलं आणि स्वतःच खणखणीत उत्तर दिलं, “आलो!” कुणी हसलं नाही. त्यांचं खरं नाव आम्ही बऱ्याच जणांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

रात्री मालवणच्या लॉजवर सुरमई आणि सोलकढी रिचवून मंडळी आडवी झाली. अडीचच्या सुमाराला दारावर टकटक. काका. “चार्जर काढा.” झोपेत कुणाला काही समजेना. ते एका दारावरून दुसऱ्या दारावर गेले आणि सगळ्यांचे मोबाइल भिंतीपासून सोडवून आले. सकाळी पाण्याखालचे फोटो घरी पाठवायला निम्म्यांच्या फोनमध्ये जीव नव्हता. सेक्रेटरी चिडले, “काका, ही हद्द झाली.” तेव्हा त्यांनी सांगितलं, ते मात्र नेहमीच्या सुरात नाही. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डायव्हिंगची बोट नांगर टाकून उभी होती. पाहुणे खालच्या मजल्यावर झोपले होते, बहुतेक खलाशी वर. मधल्या मजल्यावर आग लागली. तिथे मोबाइल, टॉर्च, कॅमेरे चार्जिंगला लावलेले असत. सुरुवात नक्की कशानं झाली ते तपासातही पक्कं ठरलं नाही. खालच्यांच्या बाहेर पडायच्या दोन्ही वाटा त्याच आग लागलेल्या मजल्यावर उघडत होत्या. चौतीस माणसं गेली. नियमाप्रमाणे रात्रभर एक माणूस फिरता पहारा देत जागा असायला हवा होता. तो नव्हता. पुढे कप्तानाला त्याबद्दल तुरुंगवास झाला.

“एक माणूस,” काका म्हणाले. “बाकी सगळ्यांनी झोपायला हरकत नव्हती.”

पूर्वी गावागावांत जागल्या असायचा. गाव निजल्यावर हातात काठी घेऊन आरोळी देत फिरायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या आरोळीनं झोपमोड झालेल्यांनी त्याला शिव्याच घातल्या असतील. ज्या रात्री चोर आले नाहीत त्या रात्रीचं श्रेय त्याला कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

डुबकीच्या दिवशीच, धक्क्यावर उतरल्यावर आणखी एक वाद झाला होता. काहींना त्याच संध्याकाळी मोठी गाडी करून आंबोलीमार्गे कोल्हापूरला तांबडा-पांढरा खायला जायचं होतं. काकांनी आंबोलीची उंची काढली, सुमारे सातशे मीटर, आणि डायव्हिंगनंतर इतक्या लवकर उंचावर जाऊ नये असं सांगितलं. विमानाला तर एका डुबकीनंतर किमान बारा तास थांबायचा नियम आहे. पाच मीटरच्या डुबकीनं आमच्यापैकी कुणाला काही होणार नव्हतं, हे काकांनाही पक्कं ठाऊक होतं. पण त्यांनी घड्याळात बारा तास मोजले आणि त्याआधी कुणालाही गाडीत बसू दिलं नाही. तोवर कोल्हापूरच्या खानावळी बंद झाल्या होत्या.

सानपाड्याला परतल्यावर सहलीच्या हिशेबाची सभा झाली. कोल्हापूर हुकलेले सगळे दबा धरून बसले होते. जिमवाला म्हणाला, मला पाण्यात उतरू दिलं नाही. नवविवाहित म्हणाले, आमच्या प्रत्येक फोटोत नारिंगी जॅकेट आहे. कुणी चार्जरचा विषय काढला, कुणी वजनांचा. शेवटी सेक्रेटरी उठले आणि सगळ्यांच्या मनातलं बोलले: “एवढा जाच केला काकांनी, आणि झालं काय? काही म्हणता काही झालं नाही!”

टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या. त्यांना यात टोमणा दिसलाच नाही. कारखान्यात इतकी वर्षं दर महिनाअखेरीस ते वरच्या साहेबांना अपघातांचा अहवाल पाठवत, आणि त्यावर एकच शब्द असावा म्हणून महिनाभर धावत: निरंक. आमच्यापैकी कुणी निवृत्त झालं की भाषणात पूल निघतात, इमारती निघतात, बढत्या निघतात. काकांच्या निरोप समारंभाला साहेब काय बोलले असतील? न लागलेल्या आगी, न फुटलेल्या टाक्या, न गमावलेली बोटं मोजून दाखवता येत नाहीत. सुरक्षेच्या माणसाचं काम जेवढं चोख, तेवढा तो फुकट पगार खातो असं लोकांना वाटतं. आणि एखादा अपघात झालाच, तर आधी जाब त्यालाच विचारला जातो. हा व्यवहार काकांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मान्य केला असावा; त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही. त्यांना कौतुक नको असतं. त्यांना फक्त अहवाल हवा असतो.

“मग तसंच लिहा मिनिट्समध्ये,” काका म्हणाले. “मालवण सहल: निरंक.”

सेक्रेटरींनी सुटकेचा निःश्वास टाकून पेन उचललं आणि ‘निरंक’ लिहिलं. तेवढ्यात काकांनीच हरकत घेतली. बोटीच्या शिडीवरून वर येताना सेक्रेटरींच्या अंगठ्याला खरचटलं होतं. लहानसं का होईना, पण रक्त आलं होतं. तेव्हा निरंक लिहिता येणार नाही. ‘किरकोळ’ या सदराखाली त्याची नोंद करावी लागेल, वेळ, ठिकाण आणि कारण यांसह.

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं, ‘निरंक’ खोडलं आणि लिहायला घेतलं.

“अंगठा पायाचा,” काका खाली वाकून म्हणाले. “तसं स्पष्ट लिहा. नाहीतर लोक हाताचा समजतील.”